आठवण कुणी ठेवायची?

मूल बोर्डाच्या परीक्षेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागलं की घरात पहिली चर्चा होते ती अवघडपणाची. आता गणित जड जाणार, विज्ञानाचे वेगवेगळे विषय होणार, भाषेच्या पेपरात लांबलचक उत्तरं लिहावी लागणार. हे सगळं खरंच आहे. पण सुरुवातीच्या महिन्यांत मुलं गडबडतात ती त्यामुळे नव्हे. लहान वर्गांत एकच बाई सगळं ध्यानात ठेवून असतात: कुणाची वही राहिलीय, कुणाचं पाठांतर व्हायचंय, उद्या काय आणायचंय. इथे आल्यावर प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे, वह्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. प्रात्यक्षिकांचं जर्नल निराळं, प्रकल्पाचे टप्पे निराळे. इतिहासाच्या सरांना कल्पनाच नसते की त्याच गुरुवारी रसायनशास्त्राची चाचणी आहे, आणि असायचं कारणही नाही. सगळं चित्र एकाच माणसाकडे असतं आणि त्या माणसाचं वय असतं चौदा-पंधरा. कालपर्यंत ज्याला ‘पाण्याची बाटली घेतलीस का’ असं विचारावं लागत होतं, त्याच्याकडे आज अचानक एका छोट्या कचेरीचा कारभार आलेला असतो.

आपण मात्र त्याला एकच वाक्य ऐकवत राहतो: ‘अभ्यासाला बस.’ या वाक्यात बसण्याखेरीज दुसरं कुठलंही काम सांगितलेलं नाही. मूल बसतं. पुस्तक उघडतं, समासात चौकोन काढतं, पेनाचं टोपण काढतं-लावतं, तास भरतो. आपलंही समाधान, त्याचंही. माझी मुलगी या वयाची होती तेव्हा एकदा म्हणाली होती, ‘बसते गं, पण बसून काय करू?’ घरातल्या मोठ्यांना तो उद्धटपणा वाटला. मला वाटतं, त्या वर्षी आमच्या घरात विचारला गेलेला सगळ्यांत नेमका प्रश्न तोच होता.

ती आता या सगळ्यातून पार झाली आहे आणि धाकट्याची सुरुवात आहे, त्यामुळे हा विषय पुन्हा डोक्यात घोळतोय. दोघं एकाच घरात वाढली, पण स्वभाव दोन टोकांचे. ती यादी केल्याशिवाय जागची हलत नसे. याला यादी दिली तर यादीच हरवते. म्हणून अमुक केलं की मूल शिस्तीला लागतं अशी खात्री देणाऱ्यांपासून मी चार हात लांब असते.

मेंदूबद्दल एक गोष्ट आता बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. बेत आखणं, कामांचा क्रम लावणं, मोह आवरून धरणं ही कामं प्रामुख्याने कपाळामागच्या भागाकडे असतात आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. याचा अर्थ पंधराव्या वर्षी काही जमत नाही असा मुळीच नाही. आमच्या चिरंजिवांना कुठल्या सामन्यात कुणी किती धावा काढल्या हे वर्षांमागचं तोंडपाठ असतं. प्रश्न साठवणुकीचा नाही. उद्या वही द्यायची आहे हे आज संध्याकाळी, वही समोर असताना आठवणं, ही वेगळी करामत आहे आणि ती उशिरा पिकते. मग मुलं ‘विसरलो’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. आपल्याला ते बहाण्यासारखं ऐकू येतं, कारण आपण आता विसरत नाही. आणि आपण विसरत नाही त्याचं श्रेय आपल्या बुद्धीपेक्षा फोनमधल्या गजराला जास्त आहे.

मग मोठ्यांनी काय करायचं? १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची तीस मुलं, एकमेकांत बसणारे लाकडाचे एकवीस ठोकळे, आणि त्यांचा पिरॅमिड रचायचा. एकट्याला जमणार नाही असं काम. शेजारी एक शिक्षिका बसलेली. मुलाला जेवढं करता येईल तेवढं करू द्यायचं आणि अडेल तिथेच हात लावायचा, हे तिचं धोरण. या मदतीला त्यांनी बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली आणि ती शिक्षणशास्त्रात कायमची बसली. मदत करणाऱ्याची कामंही त्यांनी नेमकी सांगितली: लक्ष वेधायचं, काम आटोक्यात येईल इतकं लहान करायचं, भरकटू द्यायचं नाही, महत्त्वाचं काय ते दाखवायचं, वैताग आवरता येईल असं बघायचं, आणि गरज पडली तर करून दाखवायचं. शिवाय एक धोकाही नोंदवला. मूल मदतनिसावर फार विसंबून राहायला लागतं. वरच्या वर्गांतल्या मुलांच्या घरांत नेमकं हेच घडताना दिसतं. परांची इतकी पक्की बांधली जाते की इमारत उभी आहे की नाही हे कुणी बघतच नाही.

आता जरा जमिनीवर येऊ. आठवड्यातून एकदा दप्तर रिकामं करायचं, असा आमच्याकडे नेम आहे. मी करत नाही, तो करतो. मी शेजारी बसून असते. बाहेर काय काय येतं ते बघण्यासारखं असतं. भूगोलाच्या वहीत शिरलेली जीवशास्त्राची झेरॉक्स. पालकांच्या सहीसाठी दिलेली, चार घड्या पडलेली सूचना, जिची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. टोपण नसलेली पेनं आणि पेन नसलेली टोपणं. कंपासपेटीत कंपास सोडून सगळं. आणि अगदी तळाशी, शिवणीला चिकटून, तपासून मिळालेला चाचणीचा पेपर, मार्कांची बाजू आत येईल अशी काळजीपूर्वक घडी घातलेला.

सुटा कागद हा या दोन वर्षांतला सगळ्यांत मोठा उपद्रव आहे. वही हरवत नाही, पुस्तक हरवत नाही, कागद हरवतात. म्हणून कागदाचा निकाल तिथल्या तिथे लावायचा. सहीचा असेल तर सही करून परत दप्तरात, विषयाचा असेल तर भोकं पाडून त्या विषयाच्या फाईलमध्ये, उरलेला रद्दीत. चौथी जागा नाही. ‘नंतर बघू’ ही जागा दिली की सगळे कागद तिथेच मुक्कामाला जातात. फायली रंगीत असाव्यात की एकरंगी, यावर मी लोकांना तासभर बोलताना ऐकलंय. काही फरक पडत नाही. प्रत्येक विषयाला एक असावी आणि ती घरात ठरल्या जागी असावी, बस.

त्या तळाच्या पेपराबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्या दप्तरातला तो सर्वांत मोलाचा कागद, आणि सगळ्यांत आधी लपवला जातो तोही तोच. पंचवीसपैकी बारा. मार्क बघून आपला चेहरा पडतो, तो पडलेला बघून मुलगा पेपर हातातून ओढून घेतो, आणि संपलं. त्या पेपरात तेरा मार्क कुठे गेले याचा संपूर्ण हिशेब लिहिलेला असतो, तो कुणी वाचतच नाही.

आम्ही तो वाचला. जमिनीवर बसून, लाल पेनाच्या प्रत्येक खुणेपाशी थांबून. एक प्रश्न त्याला येतच नव्हता. तो धडा झाला त्या दिवशी तो आजारी होता आणि ती टिपणं कुणाकडून घ्यायची राहून गेली होती. शेवटचा प्रश्न कोराच होता, वेळ पुरला नाही. पण मधले दोन प्रश्न मजेशीर होते. ‘तुलना करा’ असं विचारलं होतं आणि त्याने धमनीबद्दल पाऊणएक पान उत्तम लिहिलं होतं. शिरेचं नावसुद्धा नव्हतं. ‘कारणे द्या’ असं होतं तिथे कारण सोडून व्याख्या लिहिली होती, अचूक. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘अगं, मला सगळं येत होतं!’ आणि ते खरं होतं. न येणं, वेळ न पुरणं आणि प्रश्न नीट न वाचणं हे तीन वेगवेगळे आजार आहेत. ‘अजून अभ्यास कर’ हे एकच औषध तिन्हींवर दिलं जातं आणि फार तर पहिल्यावर चालतं. दुसऱ्यासाठी घड्याळ लावून लिहिण्याचा सराव लागतो. तिसऱ्यासाठी फक्त एक सवय लागते: प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची आणि मगच पेन पुढे न्यायचं. परीक्षेचे मार्क त्या क्रियापदाला असतात हे मुलांना कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगावं लागतं. आपसूक कळत नाही.

लिहून ठेवण्याचंही असंच. डायरी असतेच, शाळा देते किंवा आपण आणतो. तिच्यात लिहिलेलं असतं ‘गणित’. एवढंच. घरी येईपर्यंत त्या शब्दाचा अर्थ उडून गेलेला असतो. ‘गणित, सरावसंच तीन, सहा ते दहा, शुक्रवारी द्यायचं’ हे लिहायला फार तर पंधरा सेकंद जास्त लागतात, पण संध्याकाळी मित्राला सतरा निरोप पाठवावे लागत नाहीत. आणि त्याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं हे आपण सगळे अनुभवतो. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ते टोचणं थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं याचा ठोस बेत झाला तरी मन ते बाजूला ठेवू शकतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ज्या मुलांना एकेक राहिलेली गोष्ट आठवायला लागते, त्यांच्यासाठी डायरीतली ती एक ओळ बरीच मोठी गोष्ट असते.

डायरीच्या जोडीला भिंतीवर एक मोठा कागद हवा. पूर्ण सत्राचा, एका नजरेत दिसणारा. चाचण्या, प्रकल्प, जर्नल, तोंडी परीक्षा, सहल, घरातलं लग्नकार्य, सगळं त्याच्यावर. फोनमधलं कॅलेंडर वाईट नाही, पण ते दिवस दाखवतं; गर्दी दाखवत नाही. भिंतीवरच्या कागदावर महिनाभर आधी दिसतं की अमुक आठवड्यात तीन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत. त्यातला प्रकल्प आधीच्या आठवड्यात ओढायचा हे मग मुलालाच सुचतं. न सुचलं तर बोट ठेवायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, हे कुणीही आई सांगेल.

आणि वेळापत्रक! माझ्या मुलीची वेळापत्रकं प्रदर्शनात मांडावीत अशी असत. पाच रंग, पट्टीने आखलेले रकाने, सकाळी साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत. ते करण्यात एक अख्खी सुट्टी जायची आणि मंगळवारपर्यंत ते मोडलेलं असायचं. मोडलं की रडू, रडू आवरलं की नवीन वेळापत्रक. यात तिचा आळस नव्हता, माणसाच्या अंदाजाचाच दोष होता. १९७९ साली डॅनियल कानेमान आणि एमस टवर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हा दोष नेमकेपणाने मांडला: आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं सतत कमीच करतात, मागचा अनुभव समोर असला तरी. १९९४ मध्ये बुलर, ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तारखा विचारल्या. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळं बिनसलं तर किती लागतील असंही विचारलं, तेव्हा उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही तोकडाच पडला. हे मोठ्या, शिकल्यासवरल्या मुलांचं. मग पंधरा वर्षांच्या मुलीने ‘शनिवारी सकाळी दोन धडे’ लिहिलं तर त्यात नवल काय?

तिला शेवटी चाललं ते असं: रोज दोनच कामं ठरवायची, अगदी छोटी, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मुद्दाम कोरी ठेवायची. त्या कोऱ्या संध्याकाळी उरलेलं सगळं जाऊन पडायचं. उरलं नाही तर ती संध्याकाळ तिची. वेळापत्रक मोडायचं बंद झालं, कारण मोडण्याची सोय त्यातच केलेली होती. धाकट्याला एवढंही रुचत नाही. त्याला सांगावं लागतं ते वेळेचं नाही, जागेचं आणि निमित्ताचं: खेळून आलास, हातपाय धुतलेस की टेबलाशी बसून पहिलं गणित. ‘सहा वाजता’ म्हटलं की सहा कधी वाजून जातात ते त्याला कळत नाही. हातपाय धुणं मात्र होतंच.

आता अभ्यास म्हणजे काय करायचं हा माझ्या मुलीचा जुना प्रश्न. बहुतेक मुलांचं उत्तर असतं वाचायचं. वाचून झालं की पुन्हा वाचायचं, मग रंगीत पेनाने ओळी पिवळ्या करायच्या. यातून मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे आला असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा भ्रम आकड्यांत पकडला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग तीन वेळा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि गंमत म्हणजे, आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा होता तो वाचणाऱ्यांनाच. आदल्या रात्री सगळं येत होतं आणि पेपरात काहीच आठवलं नाही, हे मुलं सांगतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पाच मिनिटांची परीक्षा ती पास झालेली असतात.

पालकांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. विषय शिकवता येणं जरुरीचं नाही. पुस्तक आपल्या हातात घ्यायचं आणि विचारायचं, एवढंच. मला रसायनशास्त्र येत नाही, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा उठवते. परवा तो परासरण सांगत होता.

‘जिकडे पाणी जास्त, तिकडून जिकडे कमी तिकडे जातं.’

‘पाणीच का जातं? त्यात विरघळलेलं आहे ते का नाही जात?’

‘कारण... मध्ये पटल असतं ना.’

‘मग पटलातून पाणी कसं जातं?’

तो थांबला. ‘थांब हं, बघू नको पुस्तकात,’ असं मलाच म्हणाला. मग दोन मिनिटांनी ‘निवडक्षम! निवडक्षम पारपटल! ते पाण्याला जाऊ देतं, बाकीच्यांना नाही,’ असं ओरडला. तो शब्द त्याने धड्यात कितीदा वाचला असेल. पण आतून ओढून काढला तो त्या दोन मिनिटांत. मला उत्तर माहीत असतं तर मी दहाव्या सेकंदाला सांगून मोकळी झाले असते.

यालाच जोडून चिठ्ठ्यांची पद्धत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ती लोकांपुढे आणली. पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा चिठ्ठ्या, आणि कप्पे केलेला एक खोका. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, तिची पाळी उशिरा येते. चुकलं की परत पहिल्यात. न येणारं वारंवार समोर येतं, येणारं अधूनमधून. चपलांचं रिकामं खोकं पुरतं. फोनवरही अशी ॲप्स आहेत. पण चिठ्ठ्या स्वतः लिहिण्यातच निम्मा अभ्यास होतो, त्यामुळे दुसऱ्याने केलेल्या तयार चिठ्ठ्यांचा मला फारसा उत्साह नाही.

फोनबद्दल नवीन काय सांगायचं? वर्गाचा गट त्याच्यावर, गृहपाठाच्या सूचना त्याच्यावर, टिपणांचे फोटो त्याच्यावर. काढून घेतला तर अभ्यासच अडतो. सूचना बघून झाल्या की फोन दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू. शेवटच्या अटीवरच बहुतेक घरांत हा विषय मिटतो.

झोपेवर मात्र मी हटून बसते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन यांचं या विषयावरचं काम काही दशकांचं आहे. म्हणजे रात्री अकराला टक्क जागा आणि सकाळी सहाला मढ्यासारखा पडलेला मुलगा हा निव्वळ हट्टीपणाचा नमुना नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली तेरा ते अठरा वयासाठी आठ ते दहा तास झोप सुचवली. शाळा सकाळची असेल तर हे गणित जुळत नाही, मान्य. पण निदान रात्री जागून ते आणखी बिघडवू नये. ‘आमच्या वेळी आम्ही रात्र रात्र जागायचो’ असं सांगणारी एक पिढी प्रत्येक घरात असते. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. आपण दिवा मालवायचा.

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक जाणवतं की कागद, खोकी, तक्ते यांची व्यवस्था लावणं त्यातल्या त्यात सोपं आहे. मुलाशी बोलायचं कसं हे अवघड. दारातून आत येताच ‘कसा गेला पेपर?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बरा.’ आणखी खोदलं की दार बंद होतं. समोरासमोर बसून या वयाची मुलं बोलत नाहीत. शेजारी शेजारी चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीत पुढे बघत असताना बोलतात, कारण तेव्हा डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. माझ्या मुलीने एका विषयात मागे पडत असल्याची पहिली कबुली दिली ती चादरीची दोन टोकं धरून. मी चादर झटकत राहिले आणि तिला बोलू दिलं.

घरात आठवण करून देण्याचं काम दिवसातून एकदाच करावं असं माझं मत आहे, ठरल्या वेळी, दहा मिनिटं. उद्या काय आहे, काय लागेल, कुठे अडलंय. उरलेल्या दिवसात त्या विषयावर एक अक्षर काढायचं नाही. नाही तर होतं काय, आपण दिसलो की अभ्यास आठवतो आणि मुलं आपल्याला टाळायला लागतात. आई ही चालतीबोलती सूचना झाली की मग ती अडचणीच्या वेळी कामाला येत नाही.

आणि अडचण येते. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, खाणंपिणं सुटलं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, परीक्षेच्या सकाळी दर वेळी पोट दुखायला लागलं, ‘माझ्याने काहीच होणार नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू यायला लागलं, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वर्गशिक्षक, समुपदेशक, डॉक्टर यांच्याकडे जायचं, परीक्षा संपेपर्यंत थांबायचं नाही. वाचायला फार कष्ट पडतात, लिहिण्याचा वेग कायमच कमी आहे, लक्ष टिकतच नाही, असं वर्षानुवर्षं दिसत असेल तर तेही आधीच तपासून घ्यावं. अनेक परीक्षा मंडळं अशा मुलांना जादा वेळ किंवा लेखनिक देतात, पण त्यासाठी कागदपत्रं लागतात आणि मुदत असते. ऐनवेळी धावपळ करून ते होत नाही. शिक्षकांना भेटतानाही ‘आमचा कसा चाललाय?’ असं विचारलं की ‘ठीक आहे, अजून करू शकतो’ हे ठरीव उत्तर मिळतं. ‘जर्नलमधलं नेमकं काय राहिलंय?’ असं विचारलं की उपयोगाचं काहीतरी हाती लागतं.

राहिली परांची. ती उतरवायची कधी? पिरॅमिडच्या प्रयोगातल्या शिक्षिकेला समोर ठोकळे दिसत होते. आपल्याला मुलाच्या डोक्यातलं दिसत नाही. मी एक खूण धरून चालते. एखादी गोष्ट तो मी विचारायच्या आधी करायला लागला, आणि ते लागोपाठ काही आठवडे टिकलं, की ती गोष्ट माझ्याकडून सुटली. पुन्हा तिच्याबद्दल विचारायचं नाही, अगदी चुकली तरी. दप्तराचा नेम अजून माझ्या शेजारी बसण्यावर चालतो. भिंतीवरचा कागद आता तो स्वतः भरतो, अक्षर वाचवत नाही, पण तारखा बरोबर असतात. मध्यंतरी एक प्रकल्प एक दिवस उशिरा गेला. मला भिंतीवर दिसत होता, तरी मी बोलले नाही. दोन मार्क कापले गेले. पुढचा प्रकल्प वेळेच्या दोन दिवस आधी टेबलावर तयार होता, वर ‘आई हात लावू नको’ अशी चिठ्ठी. मुलीच्या वेळी याची वेळच आली नाही. तिचं काढून घ्यावं लागलं ते उलट, यादीत सगळ्याच गोष्टींपुढे ‘तातडीचं’ लिहिण्याचं वेड. वर्षाच्या मध्यावर अंतर्गत गुणांचे दोन मार्क जाणं परवडतं. शेवटी शेवटी परवडत नाही, म्हणून ही सगळी मोकळीक सुरुवातीच्या वर्षातच द्यावी.

यात एकच अपवाद मी करते. परीक्षेचं प्रवेशपत्र हातात आलं की त्याच्या तीन झेरॉक्स निघतात आणि मूळ प्रत माझ्या कपाटात जाते. त्यावर त्याचं म्हणणं असं की, ‘बाकी सगळं माझ्यावर सोडलंस, मग हे का नाही?’ मी सांगते, ‘सोडणार नाही. वाद नको.’